मागल्या सफेतली मुले



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरसाल भरते, त्यांनी आपले सारे आयुष्य दुसऱ्यांच्या मुलांत घालविले. तेव्हा येथे बोलायचे तर मुलांविषयीच बोलावे, हे ठरविण्यास मला फारसा विचार करावा लागला नाही. विचार करावा लागला तो व्यवस्थापक मंडळींना. कारण नमाजाच्या वेळी मशिदीत मुलांनी कसे वागावे आणि त्यांच्या वागण्याबद्दल जाब कोणाला विचारावा, हा विषय एखाद्या जमातीने आपल्या घरगुती बैठकीत निकालात काढावा, सार्वजनिक व्यासपीठावर तो कशाला, असा त्यांचा प्रामाणिक अभिप्राय होता. परंतु ज्या प्रश्नावरून कोकणातल्या खाडीकाठच्या गावांतून जमातीच्या बैठकींत आवाज चढतात, आणि ज्याच्यापायी भिंतीला भिंत लागून राहणारे शेजारी ऐन रमजानात एकमेकांशी अबोला धरतात, तो प्रश्न क्षुल्लक खास नव्हे; आणि मूल व उपासना यांचा मेळ कसा घालावा ही विवंचना तर कोणत्याही एका धर्माच्या खाती मांडून ठेवता येण्याजोगी नाही.

आपल्यापैकी पुष्कळांनी नमाज दुरून पाहिला असेल, त्यांच्याकरिता थोडा खुलासा करतो. जमातीने पढावयाच्या नमाजात माणसे खांद्याला खांदा लावून सफांत, म्हणजे सरळ रांगांत, उभी राहतात. पेशइमामाने तकबीर म्हणून हात बांधले की त्या क्षणापासून अखेरचा सलाम फिरविला जाईपर्यंत कोणी कोणाशी बोलावयाचे नाही, मान वळवावयाची नाही, इमामाच्या पाठोपाठ वाकावयाचे, भुईला कपाळ टेकून सजदा करावयाचा, बसावयाचे आणि पुन्हा उठावयाचे; अशा एका आवर्तनाला रकात म्हणतात. आपल्याकडे कीर्तनाला आई पोर घेऊन बसते, ते मांडीवर निजून जाते, रडू लागले तर ती त्याला घेऊन देवळाच्या ओवरीत जाते, आणि बुवांच्या निरूपणात त्यामुळे खंड पडत नाही. परंतु नमाजात मांडीच नाही. जी आहे ती काही पळांपुरती, बैठकीपुरती. उपासना सबंध देहाने करावयाची असल्यामुळे मुलाला देण्यासाठी बापाचा हात मोकळा राहत नाही आणि दटावण्यासाठी त्याची जीभही मोकळी राहत नाही. जगात एरवी क्षणोक्षणी ‘नको, थांब, गप्प बैस’ म्हणणारा बाप दिवसातून पाच वेळा, ठरलेल्या मुदतीसाठी, संपूर्ण निरुपाय होतो, हा शोध प्रत्येक चलाख मुलाला वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षी लागतो, आणि लागला म्हणजे तो त्याचा पुरेपूर उपयोग करतो. यात त्याचा स्वभावदोष मानण्याचे कारण नाही. उलट ज्या मुलाला हा शोध लागत नाही त्याच्या बुद्धीविषयीच मी, शिक्षकी पेशातला माणूस या नात्याने, किंचित साशंक होईन.

या शोधाची परिणती पाहावयाची असेल तर रमजानातल्या रात्री तरावीहच्या नमाजाला कोकणातल्या कोणत्याही मशिदीत मागल्या सफेकडे पाहावे. वीस रकातींचा हा नमाज इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजानंतर सुरू होतो आणि दिवसभर उपाशी राहिलेली मोठी माणसे तो निष्ठेने पुरा करतात. रोजा उघडून पोट भरलेली, टोप्या घातलेली, आठ-दहा वर्षांची पोरे मात्र एकाच रांगेत गोळा झालेली असतात. पहिल्या दोन रकाती ठीक जातात. तिसऱ्या-चौथ्या रकातीला कोणी तरी सजद्यात शेजाऱ्याला कोपराने हलकेच ढोसतो. तो मुद्दाम आडवा होतो. त्याच्या धक्क्याने तिसऱ्याची टोपी चटईवरून घरंगळते, आणि ती उचलावी की नमाज मोडू न देता तशीच सोडावी अशा धर्मसंकटात पडलेल्या त्या मुलाचा चेहरा पाहून चौथ्याला हसू आवरेनासे होते. आम्ही कोकणी मुसलमान शाफई पंथाचे. त्यामुळे इमामाने कुराणातील फातिहा पुरी करताच सर्वांनी मोठ्याने ‘आमीन’ म्हणण्याची आमची रीत आहे. मागल्या सफेतील मंडळी या शब्दाची चातकासारखी वाट पाहत असतात, कारण साऱ्या नमाजात उघडपणे ओरडण्याची तेवढीच एक सनदशीर संधी. आणि तो ‘आमीन’ मोठ्यांचा संपल्यावरही मागून कितीतरी वेळ लांबत, चढत, शर्यतीने चाललेला असतो. मग सलाम फिरतो. पुढल्या सफांतून एक वयस्क गृहस्थ उठतात, मागे येतात, हाती लागेल त्याचा कान धरतात, आणि ज्या शांततेच्या भंगाबद्दल ते रागावलेले असतात ती शांतता मुलांच्या साऱ्या खिदळण्याने जितकी मोडली नसेल तितकी एका वाक्यात मोडून जागेवर परततात. ज्याचा कान धरला त्याचा बाप दुसऱ्या दिवशी मुतवल्लीकडे, म्हणजे मशिदीच्या व्यवस्थापकाकडे, फिर्याद नेतो, आणि पुढच्या जुम्म्याला, म्हणजे शुक्रवारी, भिंतीवर पाटी लागते की लहान मुलांना मशिदीत आणू नये.

या पाटीचा विचार करताना प्रथम पाहिले पाहिजे की ज्या परंपरेच्या नावाने ती लावली जाते त्या परंपरेच्या दप्तरात या बाबतीत काय नोंदलेले आहे. तेथे पाटीला अनुकूल अशी एक हदीस, म्हणजे प्रेषितांच्या उक्ती-कृतीची नोंद, सापडते खरी. मुलांना आणि वेडसर माणसांना मशिदींपासून दूर ठेवा, अशा आशयाची ती इब्न माजा यांच्या संग्रहात आहे. परंतु हदीसशास्त्राच्या पंडितांनी तिची परंपरा दुर्बल ठरविली आहे, आणि दुर्बल आधारावर एवढी मोठी बंदी उभारणे कोणत्याही न्यायाधीशाला रुचणार नाही. याच्या उलट बुखारी आणि मुस्लिम या दोन सर्वमान्य संग्रहांत असा वृत्तान्त आहे की प्रेषित मुहंमद आपली नात उमामा हिला अंगाखांद्यावर घेऊन नमाज पढवीत. सजद्याला जाताना तिला खाली ठेवीत आणि उठताना पुन्हा उचलून घेत. दुसरा वृत्तान्त नसाई यांनी दिला आहे: सजद्यात असताना नातू त्यांच्या पाठीवर चढून बसला, आणि त्यांनी सजदा इतका लांबविला की मागे असलेल्यांना काही विपरीत घडले अशी शंका आली; नमाज संपल्यावर त्यांनी सांगितले की पोराची हौस फिटण्यापूर्वी त्याला उतरविण्याची घाई करणे मला बरे वाटले नाही. तिसरा असा की खुतबा, म्हणजे प्रवचन, चालू असता हसन आणि हुसैन ही दोन नातवंडे तांबड्या अंगरख्यांत पाय अडखळत येताना दिसली, तेव्हा ते मिंबरावरून, म्हणजे प्रवचनाच्या व्यासपीठावरून, उतरले, दोघांना उचलून घेतले आणि आपल्यापुढे बसवून मग खुतबा पुढे चालू केला. आणि चौथा सर्वांना माहीत असलेला: नमाज दीर्घ करावा अशा इच्छेने ते उभे राहत, पण मागून एखाद्या तान्ह्याचे रडणे कानी आले की त्याच्या आईचा जीव कासावीस होईल म्हणून तो आटोपता घेत.

पुढे काही शास्त्रीमंडळींना यांतला पहिला वृत्तान्त अडचणीचा वाटला. कोणी म्हणाले, तो नमाज फर्ज नसून ऐच्छिक असावा. कोणी म्हणाले, ती मुभा नंतर रद्द झाली असावी. आमच्या शाफई पंथाचे थोर आचार्य इमाम नववी, जे 1277 साली दिवंगत झाले आणि ज्यांच्या ग्रंथांवर आमच्या पंथाच्या विद्यार्थ्यांचा पिंड पोसला गेला, त्यांनी या साऱ्या पळवाटा निराधार ठरवून स्पष्ट निर्वाळा दिला की फर्ज नमाजातसुद्धा मूल उचलून घेण्यास हरकत नाही.

एवढ्यावर थांबलो असतो तर सभेतील तरुण पितृवर्गाने टाळ्या वाजविल्या असत्या; परंतु याच दाखल्यांकडे किंचित अधिक बारकाईने पाहण्याची विनंती मी त्यांनाच करणार आहे. मशिदीत आपली पोरे मोकाट सोडून, कोणी काही बोलल्यास तत्काळ उमामेचा हवाला देणारे बाप मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही, की उमामा खांद्यावर होती. नातू पाठीवर होता. अंगरख्यातली दोन पोरे उचलून समोर, हाताच्या अंतरावर बसविली गेली. या प्रत्येक प्रसंगात मूल कोणा तरी मोठ्या माणसाच्या अंगाला लागून आहे, आणि त्या माणसाने त्याच्यापायी आपल्या उपासनेत काही तरी मोडते घेतले आहे. कोठे सजदा लांबला, कोठे खुतबा थांबला, कोठे नमाज आखूड झाला. मूल मागे सोडून आपण पुढे निर्वेध उपासना केल्याचा दाखला मात्र या वृत्तान्तांत कोठे नाही. या प्रश्नावर मला जे म्हणावयाचे आहे ते एवढेच आहे. पुढचे सारे त्याचे विवरण समजावे.

धर्मशास्त्राची भूमिका अशी की अजाण मुलाच्या नावाने हिशेब मांडला जात नाही. निजलेला माणूस जागा होईपर्यंत, मूल वयात येईपर्यंत आणि वेडा शुद्धीवर येईपर्यंत, या तिघांवरून लेखणी उचललेली आहे, असे हदीसवचन आहे. मग मुलाच्या हातून जमातीच्या नमाजात जो व्यत्यय आला त्याची नोंद कोणत्या खात्यावर व्हावयाची? दुसरे हदीसवचन सांगते की प्रत्येक जण राखणदार आहे आणि आपापल्या राखणीबद्दल प्रत्येकाला जाब द्यावयाचा आहे. आणि घरातल्या माणसांची राखण पुरुषाकडे सोपविल्याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. या दोन वचनांची सांगड घातली की निवाडा आपोआप होतो. कान धरावयाचाच असेल तर तो मागल्या सफेतल्या पोराचा धरावयाचा नसून पहिल्या सफेत डोळे मिटून उभ्या असलेल्या त्याच्या बापाचा धरावयाचा आहे.

बाप पहिल्या सफेत का असतो, हेही सहानुभूतीने समजून घेतले पाहिजे. बांग देण्याचे आणि पहिल्या सफेत उभे राहण्याचे पुण्य किती आहे हे लोकांना कळते तर त्यांनी त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या असत्या, अशा अर्थाचे वचन बुखारीत आहे, आणि भाविक माणसाच्या मनावर त्याचा पगडा असावा हे स्वाभाविकच होय. शिवाय खेड्यांतून पहिल्या सफेला एक लौकिक दर्जाही चिकटलेला असतो, त्याविषयी न बोललेले बरे. परिणामी मुलाला मशिदीच्या दारात चपलांपाशी सोडून बाप लगबगीने पुढे जातो. जो प्रेषितांच्या अनुकरणाने मूल आणतो तोच प्रेषितांच्या वचनाने त्याला मागे टाकतो, आणि दोन्ही वेळा आपण पुण्यच करीत आहो असे त्याला वाटते!

यात आमच्या समाजस्थितीचाही मोठा भाग आहे. मदिनेच्या मशिदीत प्रेषितांच्या काळी स्त्रिया मागल्या सफांत नमाज पढत असत. रडणारे मूल होते तसे त्याची आईही तेथेच होती, आणि इमाम जो नमाज आटोपता घेई तो तिच्यासाठी. आमच्याकडे बहुतेक ठिकाणी स्त्रिया घरीच नमाज पढतात. त्यामुळे पाच-सहा वर्षांचा मुलगा टोपी घालून मशिदीची पायरी चढतो तेव्हा तो आयुष्यात बहुधा प्रथमच, निखालस, बापाच्या एकट्याच्या ताब्यात असतो. त्याला भूक केव्हा लागते, लघवीला केव्हा जावे लागते, किती वेळ उभा राहिल्यावर तो चुळबुळू लागतो, ही सारी माहिती घरी आईपाशी राहिलेली असते. बापाला त्याचा वर्ग ठाऊक असतो, फार तर त्याचे गुण. गलबतावरून किंवा परदेशच्या नोकरीवरून वर्षा-दोन वर्षांनी गावी येणाऱ्या बापाची गोष्ट तर विचारूच नये. कोकणात असे बाप थोडे नाहीत. मुलगा आपला आहे हे दाखविण्याची त्याला हौस असते, आणि तो सांभाळावा कसा याची वहिवाट नसते.

मुंबईत शेख मेमन रस्त्यावरची जामा मशीद, जिचे बांधकाम 1802 साली पुरे झाले आणि कोकणी जमातीशी जिचे नाते फार जुने, ती एका पुरातन हौदावर उभी आहे. झऱ्यांच्या पाण्याचा हा हौद काळ्या दगडांच्या कमानींखाली पसरलेला असून त्यात मासे आहेत. वजू, म्हणजे नमाजापूर्वीचे हातपाय धुणे, करण्यासाठी पायरीवर बसलेला एक गृहस्थ मी तेथे पाहिला. उजव्या हाताने तो विधिपूर्वक तोंड धूत होता, आणि डाव्या हातात त्याच्या चिरंजिवाचे मनगट होते. चिरंजिवांचे सबंध शरीर माशांच्या दिशेने झुकलेले होते. कोपरापर्यंत हात धुण्याची वेळ आली तेव्हा तो थांबला, मुलाला आपल्या दोन गुडघ्यांमध्ये घेतले, गुडघे आवळले, आणि मग हात धुतले. पाय धुताना पुन्हा मनगट. पाणी खोल आहे म्हणून तो एवढी दक्षता घेत होता. आणि माझ्या मनात आले की हा मनुष्य वर जाऊन नमाजाला उभा राहील तेव्हा हे मनगट सोडून देईल, कारण तेथे बुडण्याजोगे काही नाही.

आता सफांची रचना. पुरुषांच्या सफा पुढे आणि मुलांची सफ त्यांच्या मागे, हा क्रम शास्त्रात आहे, हे खरे. आणि मुलांना मागे हाकलणारी मंडळी त्यावरच बोट ठेवतात. परंतु त्याच शास्त्रातली पुढली कलमे ती वाचीत नाहीत. शाफई ग्रंथकारांच्या मते पुरुषांच्या सफेत जागा शिल्लक असेल तर मुलांनी ती भरावी. आणि मूल आधी येऊन पुढे उभे राहिले असेल तर मागाहून आलेल्या प्रौढासाठी त्याला तेथून उठवू नये. म्हणजे उशिरा येऊन पोराच्या खांद्याला धरून त्याला मागे सारणारे आमचे वडीलधारे, ज्या शिस्तीच्या नावाने हे करतात, तिच्याच विरुद्ध वागत असतात. हनफी पंथात मुलांच्या वेगळ्या सफेचा आग्रह अधिक. पण त्या पंथाच्याही उत्तरकालीन भाष्यकारांनी अनुभवाने लिहून ठेवले आहे की मुले एकत्र जमली म्हणजे एकमेकांचा नमाज बिघडवितात आणि प्रसंगी मोठ्यांचाही, सबब त्यांना पुरुषांच्या सफांत मिसळून उभे करावे. शाळेत चाळीस वर्षे काढलेल्या कोणत्याही मास्तराने हेच सांगितले असते. दहा पोरे एका रांगेत, पाठीमागे भिंत, आणि वीस मिनिटे कोणी मागे वळून पाहणार नाही अशी हमी. एवढी सामग्री दिल्यावर दंगा झाला नाही तरच नवल.

सात वर्षांच्या मुलाला नमाज सांगा आणि दहाव्या वर्षी न पढल्यास शिक्षा करा, हे अबू दाऊद यांच्या संग्रहातील वचन या संदर्भात नेहमी पुढे केले जाते, आणि त्यातला उत्तरार्धच लोकांच्या अधिक ध्यानात राहतो. पूर्वार्धाचा हिशेब करून पाहावा. सात ते दहा ही तीन वर्षे, दिवसाचे पाच नमाज. म्हणजे बापाने पाच हजारांहून अधिक वेळा शांतपणे सांगितल्यावर मग त्या दुसऱ्या अधिकाराचा प्रश्न उपस्थित होतो, आणि तोसुद्धा शास्त्रकारांनी नाना अटींनी जखडून टाकला आहे. पाच हजार वेळा सांगितलेला बाप माझ्या पाहण्यात नाही. शिवाय हा अधिकार पालकाचा. ज्याच्या चटईशेजारी मूल योगायोगाने उभे राहिले त्या त्रयस्थाचा नव्हे. दंडाविषयी माझे स्वतःचे मत प्रतिकूल आहे.

जुम्म्याच्या खुतब्याविषयीचा नियम तर अधिकच मार्मिक आहे. इमाम खुतबा देत असता शेजाऱ्याला नुसते ‘गप्प राहा’ म्हणणारासुद्धा वायफळ बोलल्याच्या दोषाला पात्र होतो, असे बुखारी-मुस्लिमांत आहे. म्हणजे मूल बडबडले तर ते अजाण म्हणून सुटले. त्याला मोठ्याने दटावणारा मात्र पुरता अडकला. हाताच्या खुणेने जे काम होईल ते जिभेने करू नये, हा त्यातला व्यवहार. आणि हाताची खूण मुलापर्यंत पोहोचण्यासाठी हात मुलाजवळ असावा लागतो.

वृद्ध आणि आजारी मंडळींची तक्रार मी हलकी लेखत नाही. ज्याला दिवसभरात एवढाच निवान्तपणा मिळतो त्याच्या सजद्यासमोरून पोर धावत गेले तर त्याचे चित्त विचलित होणारच, आणि त्याने निमूट सोसावे असे सांगण्याचा मला अधिकार नाही. तान्ह्या मुलाला घेऊन तरावीहला येणाऱ्यांनी घरी नमाज पढावा, त्यात कमीपणा नाही. मुलाला मशिदीची सवय लावावयाची तर आरंभ मगरिबपासून करावा: तीन रकातींचा आटोपशीर नमाज, दिवेलागणीची वेळ, मुलाचे पोट रिकामेही नाही आणि डोळ्यांवर झोपही नाही. काही महिने तेवढेच. इमामांनाही एक विनंती आहे. जमातीत दुर्बल, वृद्ध आणि कामाची निकड असलेले लोक असतात म्हणून नमाज हलका ठेवावा, ही आज्ञा त्यांच्यासाठीच आहे, आणि इशाच्या नमाजात कुराणातल्या अतिदीर्घ सूरा पढणाऱ्या मुआज या थोर सहकाऱ्याला प्रेषितांनी त्याबद्दल चांगलेच बोलून दाखविले होते.

मूल मशिदीत असलेच तर ते केवळ सोसण्याची वस्तू नव्हे, याचा एक दाखला देतो. अम्र बिन सलमा हा सहा-सात वर्षांचा मुलगा आपल्या टोळीत सर्वांहून अधिक कुराण जाणत होता, म्हणून त्या टोळीने त्यालाच इमाम केले. त्याचे वस्त्र आखूड होते, सजद्यात ते वर सरके. पाहणाऱ्या एका बाईने टोळीवाल्यांना सुनावले, तेव्हा त्यांनी कापड घेऊन त्याला नवा अंगरखा शिवून दिला. मोठेपणी ही हकीकत सांगताना तो म्हणे की त्या अंगरख्याइतका आनंद मला कशानेच झाला नव्हता. साऱ्या जमातीचा पुढारी, आणि हर्ष नव्या अंगरख्याचा! याच हदीसच्या आधारे शाफई पंथाने जाणत्या मुलाची इमामत वैध मानली. ज्या पंथात मूल इमाम होऊ शकते त्या पंथाच्या मशिदीवर मुलांना मनाई करणारी पाटी लटकते, याला काय म्हणावे?

पाटी काढावी असे माझे म्हणणे नाही. मुतवल्लींचा रंग आणि फळी फुकट जाण्याचे कारण नाही. तीवरचा मजकूर मात्र बदलावा. मूल आणणाऱ्याने मुलाशेजारी उभे राहावे, सफेच्या टोकाला, मुलाला भिंतीकडे घेऊन, आणि ते ज्या सफेत मावेल त्या सफेत. एवढा हुकूम पुरे आहे. ही सूचना मी एका गावी खासगीत केली होती. तेव्हा तेथील कारभाऱ्यांनी मोठ्या काळजीने विचारले की असे झाल्यास गावातली कर्ती माणसे मागे जातील आणि पहिली सफ ओस पडेल, त्याची वाट काय? मी त्यांना एवढेच सांगितले की पहिल्या सफेला उमेदवार कधी कमी पडल्याचे ऐकिवात नाही. तुम्ही मागल्या सफेपुरते पाहा.